घटस्फोटाची याचिका फेटाळली गेली, तर पुढे काय?

न्यायालयाने घटस्फोटाची याचिका फेटाळली, याचा पहिला आणि सरळ अर्थ एवढाच की विवाह कायम आहे. पती आणि पत्नी दहा वर्षे वेगवेगळ्या गावांत राहत असोत, दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसो. कायद्याच्या दृष्टीने ती पती-पत्नीच राहतात. या अवस्थेत दोघांपैकी कोणीही दुसरे लग्न केले, तर ते लग्न शून्यवत ठरते आणि करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची टांगती तलवार राहते. ‘कोर्टात केस हरलो, पण आता आमचा काही संबंध उरला नाही,’ असे सांगत सोयरिकी जुळवणारे नातलग या एका गोष्टीकडे सर्रास काणाडोळा करतात.

तिरोडीसारख्या गावात हा प्रश्न आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा होतो. बालाघाट जिल्ह्यातील हे मँगनीजच्या खाणींचे गाव मध्य प्रदेशात आहे. परंतु रेल्वेची जुनी शाखा त्याला भंडारा जिल्ह्यातील तुमसरशी जोडते आणि सोयरसंबंधही त्याच वाटेने जातात. नवरा तिरोडीचा, बायको तुमसर-भंडाऱ्याकडची, नोकरी नागपुरात, अशी कुटुंबे या पट्ट्यात नवलाची नाहीत. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच प्रांतात होता आणि तिरोडीच्या पक्षकाराला वरच्या न्यायासाठी नागपूरच्या उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय जबलपूरला बसले. तुमसरच्या माणसासाठी आजही नागपूरच, पण आता ते मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ म्हणून. याचिका बालाघाट जिल्ह्यात फेटाळली गेली असेल, तर अपील जबलपूरला होते. पत्नी तुमसरला राहते आणि नागपूर तिला जवळ पडते, या कारणाने अपिलाचे ठिकाण बदलत नाही. फेटाळणारे न्यायालय ज्या उच्च न्यायालयाच्या अधिकारात, तेच अपिलाचे ठिकाण.

निकालपत्र आधी वाचा

पुढचा मार्ग कोणता, हे याचिका कशामुळे फेटाळली गेली यावर ठरते. म्हणून निकालाची प्रमाणित नक्कल हाती घेऊन ती वकिलाकडून समजून घेणे, हे पहिले काम. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे हुकूमनाम्याची प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य देण्याची न्यायालयाची जबाबदारी घटस्फोट मंजूर झाला तरच असते. याचिका फेटाळली गेली असेल, तर नक्कल अर्ज करून मागून घ्यावी.

अर्जदार आणि त्याचे वकील तारखेला हजर नव्हते म्हणून प्रकरण निकाली निघाले असेल, तर त्यात गुणदोषांचा विचार झालेलाच नसतो. अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ९ नुसार ३० दिवसांच्या आत गैरहजेरीचे सबळ कारण दाखवून प्रकरण पुन्हा फलकावर घेण्याचा अर्ज करावा. हा अर्ज टाळून त्याच कारणावर नवी याचिका दाखल करू पाहणाऱ्याला तोच नियम आडवा येतो. खाणीतील पाळी सुटली नाही किंवा गाडी चुकली म्हणून हजर राहता आले नाही, हे खरे असेल तर प्रतिज्ञापत्रासह आणि शक्य तर हजेरीच्या नोंदीसह मांडता येते.

याचिका अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर अडली असेल, तर ती योग्य न्यायालयात नेता येते. कलम १९ प्रमाणे लग्न जेथे झाले, प्रतिवादी जेथे राहतो किंवा दोघांनी शेवटचा संसार जेथे केला, त्या ठिकाणी याचिका चालते. २००३ च्या दुरुस्तीने यात एक महत्त्वाची भर पडली: पत्नी अर्जदार असेल, तर ती स्वतः जेथे राहते तेथेही. लग्नाला एक वर्ष पूर्ण होण्याआधीच याचिका घातली म्हणून कलम १४ खाली ती अडली असेल, तर ते वर्ष पूर्ण झाल्यावर दार पुन्हा उघडते.

खरा पेच गुणदोषांवर झालेल्या निकालाचा. क्रौर्य सिद्ध झाले नाही, परित्याग दोन वर्षांचा सलग नव्हता, किंवा अर्जदाराने झाले गेले माफ केले होते, असे निष्कर्ष न्यायालय काढते. प्रतिवादी एकदाही आला नाही, तरी याचिका फेटाळली जाऊ शकते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. कलम २३ न्यायालयावर बंधन घालते की प्रतिवाद झाला असो वा नसो, आधार सिद्ध झाल्याची खात्री पटल्याशिवाय हुकूमनामा देऊ नये. साक्षीत ‘ती नीट वागत नव्हती’ एवढेच मोघम बोलणाऱ्या अर्जदाराचे प्रकरण एकतर्फी असूनही पडते, ते यामुळेच.

अपील: मुदत आणि ठिकाण

गुणदोषांवरील निकालाविरुद्ध कलम २८ खाली अपील करता येते. मुदतीबाबत दोन कायदे दोन आकडे सांगतात. हिंदू विवाह कायद्यातील मुदत पूर्वी ३० दिवसांची होती. ती २००३ च्या दुरुस्तीने ९० दिवस झाली. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १९ मध्ये मात्र ३० दिवसच राहिले. कुटुंब न्यायालयाने हिंदू विवाह कायद्याखाली दिलेल्या निकालाला कोणती मुदत, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१६ मध्ये ९० दिवसांच्या बाजूने सोडवला. ते पीठ मुंबईचे. जबलपूरला अपील करणाऱ्याने त्या निकालावर विसंबून दिवस काढू नयेत. तिरोडीच्या पक्षकाराने ३० दिवसच आपली मुदत समजून चालावे, म्हणजे वादच उरत नाही. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. त्यानंतरही उशीर झाला, तर मर्यादा अधिनियमाच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज असतो. परंतु तेथे प्रत्येक आठवड्याचा हिशेब द्यावा लागतो.

राज्य बदलले की अपिलाची शिडीही बदलते. मध्य प्रदेशात अशी याचिका कुटुंब न्यायालयापुढे किंवा जिल्हा न्यायाधीशांच्या पातळीवर चालते, त्यामुळे पहिले अपील थेट उच्च न्यायालयात. महाराष्ट्रात जेथे कुटुंब न्यायालय नाही, तेथे ती दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालते. तेथून पहिले अपील जिल्हा न्यायालयात आणि दुसरे, तेही फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर, उच्च न्यायालयात.

ही लांब शिडी चढलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध खटला पुण्याचा आहे. दास्ताने विरुद्ध दास्ताने हे नाव न घेता आजही घटस्फोटाचा युक्तिवाद क्वचितच पूर्ण होतो. १९५६ मध्ये विवाह. १९६२ मध्ये पतीची याचिका. विवाह रद्द करणे, घटस्फोट आणि न्यायिक विभक्तता अशा तीन मागण्या तिच्यात होत्या. खालच्या न्यायालयाने क्रौर्याच्या आधारे न्यायिक विभक्तता दिली. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने अपिलात ती काढून घेऊन याचिका पूर्ण फेटाळली. मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये पतीचे दुसरे अपील अमान्य केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९ मार्च १९७५ रोजी न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल लिहिला. त्यात पतीला एक मोठा मुद्दा मिळाला: वैवाहिक प्रकरणात क्रौर्य फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्ध करावे लागत नाही, अधिक संभाव्य काय एवढे तराजूत टाकले तरी पुरते. पत्नीचे वागणे क्रौर्यात मोडते, हेही न्यायालयाने मानले. आणि तरीही अपील फेटाळले गेले; कारण त्या वागण्यानंतर दोघे पती-पत्नी म्हणून एकत्र राहिली होती, म्हणजे पतीने ते माफ केले होते, असा निष्कर्ष निघाला. तेरा वर्षांच्या लढ्याअंती तत्त्व जिंकले, माणूस हरला.

या खटल्यातून अपील करणाऱ्याने घ्यायचे ते हे: उच्च न्यायालयात पुराव्याची पुनर्तपासणी होते, पण नवा पुरावा सहजासहजी घेतला जात नाही. आदेश ४१, नियम २७ ची वाट अरुंद आहे. जे पत्र, जो दवाखान्याचा कागद, जे संदेश खालच्या न्यायालयात आणलेच नाहीत, त्यांच्या आधारावर अपील उभे राहत नाही. निकालपत्रातच काही उघड चूक असेल, उदाहरणार्थ तारखांचा गोंधळ किंवा नोंदलेली साक्ष नजरेआड होणे, तर ३० दिवसांत त्याच न्यायालयाकडे पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. निकाल पटला नाही, एवढे कारण मात्र तेथे चालत नाही.

अपील प्रलंबित असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च मागता येतो. स्त्री पक्षकाराला, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या पक्षकाराला, उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. तो उच्च न्यायालयातही चालतो. तिरोडीहून जबलपूरची वाट न परवडणाऱ्या बाईला ही गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे.

छिंदवाड्याचा खटला

तिरोडीहून सिवनी जिल्हा ओलांडला की छिंदवाडा लागतो. तेथील जिल्हा न्यायालयात सुरू झालेला अनिलकुमार जैन विरुद्ध माया जैन हा खटला या विषयाचे जणू पाठ्यपुस्तकच आहे. दोघांनी २००४ मध्ये कलम १३ ब खाली परस्परसंमतीचा अर्ज केला. सहा महिन्यांनी तो सुनावणीस आला, तेव्हा मतभेद आहेत, पण विवाह मोडायचा नाही, असे पत्नीने सांगितले. संमती शेवटपर्यंत टिकली पाहिजे, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच घालून दिला होता. म्हणून अर्ज फेटाळला गेला. जबलपूरच्या उच्च न्यायालयानेही २००७ मध्ये पतीचे अपील अमान्य केले; कायद्याच्या चौकटीत दुसरा निकाल शक्यच नव्हता. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकार वापरून घटस्फोट दिला. समझोत्यानुसार मालमत्ता पत्नीकडे गेली होती, दोघे दीर्घकाळ विभक्त होते, याचा विचार झाला. त्याच निकालात न्यायालयाने बजावले की हा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाचा. उच्च न्यायालयाला किंवा जिल्हा न्यायालयाला तो नाही.

विवाह पूर्णपणे मोडकळीस आला आहे, हा आपल्या कायद्यात आजही घटस्फोटाचा आधार नाही. विधी आयोगाने तो आणावा अशी शिफारस १९७८ मध्ये केली, २००९ मध्ये पुन्हा केली. संसदेने कायदा केला नाही. ही पोकळी सर्वोच्च न्यायालय अनुच्छेद १४२ ने भरत आले आहे. १ मे २०२३ रोजी शिल्पा सैलेश खटल्यात घटनापीठाने सांगितले की एका पक्षाची संमती नसली तरी हा अधिकार वापरता येतो. पण तो पक्षकाराचा हक्क नव्हे. विभक्ततेचा काळ, मुले, आर्थिक स्थिती, समेटाचे झालेले प्रयत्न हे सारे पाहून न्यायालय ठरवते. खालची पायरी टाळून थेट सर्वोच्च न्यायालयात रिट अर्ज करण्याची वाटही त्या पीठाने बंद केली. त्याच्या पाचच दिवस आधी, २६ एप्रिल २०२३ रोजी, राकेश रमण खटल्यात पंचवीस वर्षे विभक्त राहिलेल्या जोडप्याच्या बाबतीत दुसऱ्या एका पीठाने अशी कोरडी, कडवट दीर्घ विभक्तता हेच दोघांवरचे क्रौर्य मानले होते. उच्च न्यायालयात अपील लढवणाऱ्याला हा दुसरा निकाल अधिक उपयोगी, कारण क्रौर्य हा आधार त्या न्यायालयाच्या अधिकारात येतो.

उच्च न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध विशेष अनुमती याचिकेची मुदत ९० दिवसांची. खर्च मोठा आणि बहुतेक याचिका पहिल्याच सुनावणीत संपतात.

नवी याचिका, की समझोता?

त्याच घटनांवर, त्याच आधारावर दुसरी याचिका चालत नाही. तेथे पूर्वनिर्णयाचे तत्त्व आडवे येते. पहिल्या वेळी मांडता आला असता असा आधार तेव्हा न मांडता नंतर आणला, तरी तीच अडचण उद्भवते. परंतु निकालानंतर घडलेल्या घटना हे नवे कारण असते. समजा, तिरोडीतील पतीची परित्यागाची याचिका दोन वर्षे पूर्ण होत नाहीत म्हणून २०२१ मध्ये फेटाळली गेली आणि पत्नी त्यानंतरही कोणत्याही कारणाविना परत आली नाही. आता सलग दोन वर्षांचा नवा काळ दाखवून तो पुन्हा याचिका करू शकतो. मात्र मधल्या काळात त्याने तिला आणण्याचा खरा प्रयत्न केला का, की दार लावून घेऊन वाट पाहिली, हे न्यायालय विचारणारच.

परस्परसंमतीची वाट कोणत्याही टप्प्यावर खुली असते. अपील चालू असतानाही. एक वर्षाची विभक्तता आणि दोघांची संमती एवढे पुरे. सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ योग्य प्रकरणी माफ करता येतो, असे १२ सप्टेंबर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने ठरवले. हरलेल्या पक्षाला याचिकेच्या निकालानंतरच समझोत्याची किंमत कळते. जिंकलेल्याला मात्र तेव्हाच ताठा चढतो. मध्यस्थाकडे जाताना दागिने, शेतीतील हिस्सा, मुलांचे शिक्षण यांचे आकडे कागदावर असावेत, नाहीतर बोलणी मानापमानावरच संपतात.

आणखी एक लांबची वाट आहे. न्यायिक विभक्ततेचा किंवा सहजीवन पुनःस्थापनेचा हुकूमनामा मिळवावा आणि त्यानंतर एक वर्ष दोघे एकत्र आली नाहीत, तर कलम १३(१अ) खाली घटस्फोट मागावा. पण ही वाट चलाखीने चालणाऱ्याला अडवणारा निकाल आहे. हिराचंद श्रीनिवास मानगावकर विरुद्ध सुनंदा या खटल्यात पत्नीला १९८१ मध्ये न्यायिक विभक्तता मिळाली होती. तिला महिना १०० रुपये आणि मुलीला ७५ रुपये पोटगी ठरली होती. पतीने ती दिलीच नाही आणि पुढे त्याच हुकूमनाम्याचा आधार घेऊन घटस्फोट मागितला. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २००१ रोजी सांगितले: स्वतःच्या गैरवर्तनाचा लाभ घेऊ पाहणाऱ्याला घटस्फोट नाही. महिना पावणेदोनशे रुपये चुकवणाऱ्याचे सारे प्रकरण त्या रकमेपायी बुडाले.

पोटगीचे काय?

याचिका फेटाळल्यानंतर सर्वाधिक गैरसमज येथे होतात. कलम २५ खालील कायमची पोटगी ही विवाहाच्या स्थितीत बदल करणाऱ्या हुकूमनाम्यासोबत मिळते. याचिका फेटाळली गेली, तर असा हुकूमनामाच नसतो. म्हणून त्या कलमाखाली पोटगी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या चांद धवन खटल्यात ठरवले. तेवढ्याने पत्नी वाऱ्यावर पडत नाही. विवाह कायम असल्यामुळे ती हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ खाली निर्वाह मागू शकते. पूर्वीचे कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, याखाली ती जेथे राहते तेथेच, तुमसरलाही, अर्ज करू शकते. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली राहत्या घराचा हक्कही विवाह टिकल्याने शाबूतच राहतो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र भरावे. त्यामुळे अर्ज करण्यात दवडलेला महिना हा पोटगीतून गेलेला महिना असतो.

हा कायदा कोणाला लागू नाही

वरचे बरेचसे विवेचन हिंदू विवाह कायद्याचे आहे. बौद्ध, जैन आणि शीख याच कायद्यात येतात. बालाघाटमधील गोंडांसारख्या अनुसूचित जमातींना मात्र कलम २(२) प्रमाणे तो लागू होत नाही. त्यांचे विवाह आणि काडीमोड त्यांच्या रूढीने चालतात, आणि रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. इतर समाजांत कलम २९(२) ने रूढीचा घटस्फोट राखला आहे खरा. परंतु आपल्या जातीत अशी रूढी पूर्वापार, सातत्याने आहे, हे पुराव्याने दाखवणे पक्षकाराकडेच. याचिका फेटाळल्यावर नोटरीसमोर मुद्रांकावर लिहून घेतलेली ‘फारकत’ अशा रूढीशिवाय निव्वळ कागद ठरते. त्या कागदावर विसंबून पाट लावलेल्या स्त्रीची स्थिती सर्वांत वाईट: पहिल्या घरी ती परत जाऊ शकत नाही, दुसऱ्या घरी तिला पत्नीचा दर्जा नाही.

गोव्यातील वाचकाच्या दृष्टीने चित्र वेगळे आहे. गोव्यात हिंदू विवाह कायदा लागूच झालेला नाही; तेथे ३ नोव्हेंबर १९१० चा पोर्तुगीज काळातील घटस्फोट कायदा चालत आला आहे. त्यात दहा वर्षांच्या प्रत्यक्ष विभक्ततेसारखा आधार आहे, जो देशाच्या उर्वरित भागात अजून मागणीच्याच पातळीवर राहिला आहे. म्हणून तिरोडीत फेटाळलेल्या याचिकेच्या निकालावरून गोव्यातील नातलगाने सल्ला देऊ नये, आणि गोव्यात कोणाला सुटका मिळाली म्हणून तिरोडीच्या पक्षकाराने आशा बांधू नये. लग्न कोठे नोंदले, दोघांचा अधिवास कोठे आणि कोणता कायदा लागू, हे तीन प्रश्न वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावेत. सोबत निकालाची नक्कल, लग्नाची नोंद आणि आधीच्या प्रत्येक आदेशाची प्रत न्यावी. नकलेवरची अर्जाची आणि ती तयार झाल्याची तारीख तेवढी नीट तपासून घ्यावी, कारण मुदतीतून वगळायचे दिवस त्यांवरूनच मोजले जातात.